भोपळ्याच्या नाकातले किडे

पहिली शिंक आली ती आंब्याखाली बसलेल्या बायकांतून. तिला उत्तर द्यावं तशी दुसरी पुरुषांच्या बाजूने आली, आणि मग मांडवभर अशी काही फैर झडली की लाउडस्पीकरवरची आरती मागे पडली. कुणी पदराने नाक पुसत होतं, कुणी टॉवेलने, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नव्हतं तो शेजारच्याच्या खांद्याकडे आशेने बघत होता. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, काळू नदीच्या अलीकडे, दिवाळी सरली की दरवर्षी हेच होतं. डोंगरावरचं गवत पिवळं पडतं, कापणी सुरू होते, खळ्यांवर भात झोडलं जातं आणि माणसांची नाकं वाहू लागतात. आजवर त्याला कुणी रोग म्हणत नव्हतं. 'गवताचे दिवस' म्हणत आणि नाक पुसून कामाला लागत. यंदा मात्र त्याला नाव मिळालं होतं. किडे.

हे नाव देणारे श्वासनाथ महाराज घाटावरून आले होते. घाटावर नेमके कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. दाढी छातीपर्यंत, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्षाच्या माळा आणि माळांच्या गर्दीत लपलेली मोबाइलची दोरी. पैशाला ते हात लावत नसत. नव्या भाताला लावत, आणि दोन्ही हातांनी लावत. मांडवामागे उभ्या असलेल्या त्यांच्या टेम्पोची चाकं दिवसागणिक थोडी थोडी दबत चालली होती.

"नाक म्हणजे काय?" महाराजांनी माइक ओठांना लावून विचारलं. "नाक म्हणजे देहाचा महादरवाजा! घराचा दरवाजा उघडा टाकून झोपलात तर काय शिरेल? कुत्रं! मग नाक उघडं टाकून झोपलात तर काय लक्ष्मी शिरेल? कीड शिरते, कीड! डॉक्टर काय देतो? गोळी. गोळीने कीड मरते? नाही, झोपते. माणूसही झोपतो. दोघं मिळून झोपतात!"

लोक हसले. हसता हसता शिंकले.

"ही कीड तुमची इम्युनिटी खाते. इम्युनिटी गेली की व्हायब्रेशन जातं. आणि व्हायब्रेशन गेल्यावर नाकात उरतं काय?"

"शेंबूड," गिरजाआजी मोठ्याने म्हणाली.

गिरजाआजीची जीभ तिच्या विळ्याहून धारदार होती, आणि विळ्यासारखी ती म्यानात ठेवायची तिला सवय नव्हती. महाराजांनी तिच्याकडे प्रेमळ दुर्लक्ष केलं आणि शिष्याला खूण केली.

मांडवाच्या मधोमध पितळेची परात मांडली होती. परातीत पाणी, पाण्यात वीट आणि विटेवर लालबुंद तापवलेला नांगराचा फाळ. रोग्याने परातीवर वाकायचं, वरून घोंगडी पांघरून घ्यायची आणि महाराजांनी तुपात कालवलेलं 'सिद्धभस्म' चिमटीने फाळावर टाकायचं. चर्र आवाज व्हायचा, पांढरा धूर कोंडायचा, घोंगडीखाली शिंकांचा धडाका उडायचा. घोंगडी उचलली की परातीतल्या पाण्यावर किडे! बारीक, पांढरे, शेपटी वळवून पडलेले. त्या धुराने नाक इतकं वाहून जायचं की नंतर घटकाभर ते खरोखरच मोकळं वाटायचं.

आज घोंगडीखाली अक्षदा होती. अक्षदा म्हणजे जीवन सरांची मुलगी, शहापूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आणि जीवन सर म्हणजे या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांना हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. सगळा गाव सतरंजीवर होता. सर तेवढे खुर्चीवर. ती खुर्ची महाराजांनी मुद्दाम मांडायला लावली होती. का, हे न कळण्याइतके सर भोळे नव्हते. पण मानाच्या खुर्चीत बसलेला माणूस कारणं तपासायला उठत नाही.

घोंगडी निघाली. पाण्यावर किडे तरंगत होते. बायकांनी तोंडाला पदर लावले. अक्षदा खोकत उठली, पाणावलेल्या लाल डोळ्यांनी थेट वडिलांपाशी आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"पप्पा, ते माझ्या नाकातनं नाय पडले. फाळावरनं उडाले. मी शिंकायच्या आधीच टपटप पाण्यात पडत होते. मी बघितलं ना."

"गप."

"पप्पा, खरंच—"

"गप बस म्हटलं ना. लोक ऐकतायत."

लोक ऐकत नव्हते. लोक परात बघत होते. ऐकलं होतं ते एकट्या सरांनी.

"आता विज्ञान बोलेल!" महाराज गरजले. "सर, या. तुम्ही काय पाहिलंत ते तुमच्या तोंडून लोकांना कळू दे."

सरांनी माइक घेतला. "मी विज्ञानाचा शिक्षक आहे," ते म्हणाले. "विज्ञान म्हणजे निरीक्षण. मी निरीक्षण केलं. किडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले."

चारही वाक्यं खरी होती. त्यांची बेरीज तेवढी खोटी होती, आणि बेरीज तपासायला मांडवात कुणी आलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मग महाराजांनी विसर्जन पुकारलं. "कुबडी टाकल्याशिवाय पाय चालत नाही! पंप, फवारे, गोळ्या, सगळं नदीला!" टोपली फिरली. कोंडू गवतवाला हा वर्षभर गवताच्या गाठींमध्ये वावरणारा आणि वर्षभर धापा टाकणारा माणूस. त्याने खिशातला श्वासाचा पंप काढून टोपलीत टाकला. "सर बोलले ना, मंग झालं," तो बायकोला म्हणाला.

अक्षदाने मात्र आपला निळा पंप मुठीत घट्ट धरला होता. सरांनी बोटं सोडवून तो काढून घेतला आणि काठावर जाऊन स्वतःच्या हाताने काळूत भिरकावला. पाण्यात काहीतरी सोडलं की ओरडायचं, या सवयीने मागून कुणीतरी "मोरया!" असं ओरडलं. पंपाचं टोपण तेवढं अक्षदाच्या मुठीत राहिलं.

*

सरांचा किड्यांवर विश्वास बसला होता का? त्यांना विचारलं असतं तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं असतं. खरी गोष्ट वेगळी होती. सरांना पंपाची लाज वाटत होती.

अक्षदाला लहानपणापासून या दिवसांत शिंकांचे झटके यायचे. दोन वर्षांपासून छातीही वाजू लागली होती. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा आणि छातीसाठी पंप दिला होता. दोन्ही लागू पडत होते. पण या बाजूला पंपवाली पोर म्हणजे दम्याची पोर, आणि दम्याच्या पोरीला स्थळ येत नाही, आलं तर परत फिरतं. अक्षदाची आई, संजीवनी, 'पंप' हा शब्दसुद्धा घरात हळू उच्चारी. सरांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "ओढायचा तर गोठ्यामागे जाऊन ओढ. अंगणात नको." गोठ्यामागे पेंढ्याची उडवी रचलेली असायची. म्हणजे ज्या धुळीने पोरीचा श्वास कोंडायचा तिच्यात उभं राहून तिने औषध घ्यायचं, अशी विज्ञानाच्या शिक्षकाने लावलेली व्यवस्था होती.

त्यातच मुरबाडकडून स्थळ आलं होतं. मुलगा दीपेश, चांगल्या नोकरीतला, घर शेतीवाडीचं. झोडणी झाली की मंडळी बघायला येणार होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत महाराज उगवले.

महाराजांचं पथ्य कडक होतं. पुढली अमावस्या होईस्तोवर गवतात पाय टाकायचा नाही, खळ्याकडे फिरकायचं नाही, पेंढ्यापाशी बसायचं नाही, खिडक्या लावून झोपायचं, बाहेरून आलं की कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. अक्षदाने सगळं पाळलं आणि शिंका खरंच कमी झाल्या. पाळणाऱ्या सगळ्यांच्याच कमी झाल्या. गावाने ते सगळं पुण्य फाळाच्या खात्यावर जमा केलं. पथ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. महाराजांनी पाहिलं होतं. दरसाल गवताचे दिवस कधी सरतात तेही त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं.

सरांच्या घरची एक रीत होती. भात झोडून रास पडली की पहिलं सूप घरच्या लेकीने वाऱ्यावर धरायचं; मग बाकीच्यांनी उपणायला घ्यायचं. कितीतरी वर्षं हे सूप अक्षदाची चुलतबहीण धरत आली होती आणि दर वर्षी संजीवनी ते बघून आत निघून जायची. यंदा तिने सूप स्वतः सारवलं.

"अमावस्या अजून झाली नाय," अक्षदा म्हणाली.

"पाहुणे आज येतायत. किडे गेले ना तुझे? मग? त्यांना बघू दे, आमची पोर खळ्यावर उभी राहते."

"पप्पा?"

सर म्हणाले, "एकच सूप तर आहे."

मुरबाडची मंडळी खळ्याच्या कडेला सतरंजीवर बसली होती. वारा चांगला होता. अक्षदाने सूप डोक्याबरोबर उचलून झुकवलं. दाणे सरळ खाली पडले, आणि तूस, कूस, कोंडा आणि वर्षभराची सगळी बारीक धूळ वळून तिच्याच तोंडावर आली. ती हसली. शिंकली. पुन्हा शिंकली. मग शिंका थांबल्या, आणि थांबल्या ते वाईट झालं, कारण आता तिला शिंकण्यापुरताही वारा आत ओढता येत नव्हता. सूप निसटलं. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. गळ्याची शीर ताठ झाली, छातीतून कुणी शिट्टी फुंकावी तसा आवाज येऊ लागला, ओठांचा रंग उतरला.

जो शब्द संजीवनी घरातही कुजबुजत बोलायची तो ती पाहुण्यांसमोर, गावासमोर ओरडून बोलली.

"पंप! अहो, पंप! कुणाकडं पंप आहे का हो? कुणाकडंपण!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोंडू पुढे आला, रिकामे हात दाखवत उभा राहिला.

"वहिनी, माझापण नदीत गेला."

दीपेश कधी उठला आणि त्याने गाडी कधी वळवून आणली हे सरांना कळलं नाही. ज्यांच्यापासून पंप लपवायचा होता त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच मागच्या सीटवर अक्षदाचं डोकं मांडीवर घेऊन ते शहापूरला निघाले. वाटभर तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

*

तोंडावर मास्क, मास्कमध्ये औषधाची वाफ. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक झाली. ओठांवर रंग परतला. डॉक्टर माधुरीने आणखी एकदा नळी लावून पाठ ऐकली आणि ती सरांकडे वळली. ही माधुरी सरांच्याच हायस्कुलातली. पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारून डोकं उठवणारी.

"सर, हिचा पंप कुठे आहे? मीच लिहून दिला होता."

"नदीत."

"पडला?"

"टाकला."

"कुणी टाकला?"

सरांनी मास्ककडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "मी."

माधुरी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने स्टूल ओढून दिलं आणि सगळं विचारून घेतलं: परात, फाळ, घोंगडी, किडे. सर वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखे जमिनीकडे बघत सांगत राहिले.

"सर, किडे असते तर बरं होतं," ती म्हणाली. "काढून टाकले असते. हिच्या नाकात परकं कुणी नाहीच. नाकाच्या आतल्या अस्तरावर चौकीदार बसलेले असतात, जन्मापासूनचे. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. त्यांना कुणाचं नावगाव माहीत नसतं. ते फक्त ढब ओळखतात. जंतूंच्या अंगावर ठराविक घडणीचं आवरण असतं. तशा घडणीचं काही समोर आलं की हे आरोळी ठोकतात. उपयोगाचेच आहेत ते, नाहीतर आपण जगलो नसतो. पण गवताचे पराग, पेंढ्यावरची बुरशी, खळ्याची धूळ, यांच्याबरोबरही तसल्या घडणीचे कण येतात. हिचा चौकीदार ते बघतो आणि चोर चोर म्हणून ओरडतो."

"चोर नसताना."

"चोर नसताना. ती आरोळी ऐकून आतली फौज उठते. आणि ही फौज डूख धरणारी असते. एकदा एखाद्या परागावर राग धरला की दर वर्षी तो दिसला रे दिसला की शस्त्रं बाहेर. शिंका, पाणी, खाज. तेच छातीत झालं की धाप. म्हणजे हिचीच माणसं हिचंच घर झोडपतात."

"पण मग सगळ्यांनाच का होत नाही? गिरजाआजी जन्मभर गवतात आहे."

"काहींचे चौकीदार लहानपणापासून गोठ्यात वावरून सरावतात, असं दिसतं. काहींचे सरावत नाहीत. घराण्याचाही भाग असतो. सगळं अजून उलगडलेलं नाही, सर. पण एवढं नक्की आहे की फवारा आणि पंप त्या फौजेला आवरतात. त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

तेवढ्यात अक्षदाने मास्क बाजूला सारला आणि ओढणीच्या टोकाला मारलेली गाठ सोडली. आतून निळं टोपण निघालं. टोपणात कागदाचा बोळा, बोळ्यात वाळून पिवळट पडलेले किडे.

"त्या दिवशी परातीतनं चिमूटभर उचललेले," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "आता तरी बघा."

*

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि कपाटाला कुलूप. सरांनी दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते उघडलं, एक किडा पाण्यात भिजवला आणि काचपट्टीवर ठेवला.

किड्याला तोंड नव्हतं. पोट नव्हतं. पाय, डोळे, अंगावरच्या वळ्या, काही नव्हतं. एका टोकाला एकमेकींना चिकटलेल्या दोन चिमुकल्या पाकळ्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला वळलेला कोंब. पाठीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेला तक्ता होता, 'द्विदल बीजाची रचना'. सरांना तो वळून बघायची गरज पडली नाही. कुठल्यातरी बीमधला गर्भ होता तो. तापल्या फाळावर बी तडकलं की उडून बाहेर पडणारा. हा धडा त्यांनी इतक्या मुलांना पाठ करून घेतला होता, आणि एकाच मुलीने, सूक्ष्मदर्शक न लावता, समोर दिसतंय तेवढं सांगितलं होतं. तिला ते 'गप' म्हणाले होते.

बी कसलं, तेही सापडलं. मांडवामागे शिष्यांनी टाकलेल्या राखेत पिवळी, सुकून सुरकुतलेली फळं पडली होती: भुईरिंगणी. बांधावर पसरणारं, पानापानावर काटे असलेलं झाड, जे शेळीही सोडून देते. संध्याकाळी सरांनी आपल्याच चुलीत फाळ तापवला, परातीतल्या विटेवर ठेवला आणि तुपात कालवलेल्या बिया त्यावर टाकल्या. परातीवर कुणी वाकलं नव्हतं. चर्र झालं, तडतड झाली, आणि पाण्यावर किडे पडले.

संजीवनीने वाकून परातीत पाहिलं. "म्हणजे आपल्या पोरीला आपण..." ती म्हणाली.

"मी महाराजांना गाठतो," सर म्हणाले. "एकट्यात. सांगतो, गुमान निघून जा म्हणून. बोभाटा नको."

चुलीपाशी बसलेल्या अक्षदाने वर पाहिलं. "एकट्यात कशाला, पप्पा? तेव्हा माइकवर बोललात ना?"

*

अमावस्येला निरोपाचा सोहळा होता. खळ्यावर जे झालं त्याचं खापर महाराजांनी मोडलेल्या पथ्यावर फोडलं होतं. मांडव भरला होता, टेम्पोही. सर आदल्या दिवशी गिरजाआजीकडे गेले होते.

"आजी, तुमच्या छपरावरचा एक भोपळा द्याल?"

"भाजीला?"

"नाही. सर्दी झालीय त्याला."

आजीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग सगळ्यांत मोठा तोडून दिला.

आता तो भोपळा घोंगडीत गुंडाळून, लेकरू घ्यावं तसा कवेत धरून सर मांडवात आले. महाराजांचा चेहरा उजळला. "सर एक बाळ घेऊन आलेत! या, या!"

"फार लहान आहे, महाराज. घोंगडी काढू नका. मी धरतो परातीवर."

"बालकाची कीड सगळ्यांत हट्टी!" महाराजांनी माइक घेतला. "आईच्या पोटातून येते, मामाच्या नजरेतून वाढते! शिंक, बाळा, शिंक!" भस्म फाळावर पडलं. चर्र झालं. धूर आला. बाळ शिंकलं नाही. महाराज आणखी चिमूटभर टाकत म्हणाले, "बघा, किती सोसतंय! शिंकही आतल्या आत दाबतंय! निघाली, निघाली कीड!" शिष्याने परात पुढे ओढून लोकांना दाखवली. किडे तरंगत होते, नेहमीपेक्षा जास्तच.

"ही कीड नाकातलीच ना, महाराज?" सरांनी विचारलं.

"नाकातलीच! मेंदूच्या वाटेवर होती!"

सरांनी घोंगडी ओढली. तांबडा, गोल, दव पुसलेला भोपळा मांडवाकडे बघत उभा राहिला.

मग गिरजाआजी उठली. "अरे देवा! माझ्या भोपळ्याला मेंदू निघाला रे!"

मांडव फुटल्यासारखा हसला. महाराज काहीतरी बोलत होते, भोपळ्यातही जीव असतो, अश्रद्धेने मंत्र उलटतो, पण माइक आता सरांच्या हातात होता. त्यांनी खिशातून भुईरिंगणीचं फळ काढलं, चुरून बिया दाखवल्या, आणि महाराजांच्याच तुपात, महाराजांच्याच फाळावर टाकल्या. रांगेने एकेकाला जवळ बोलावून बी तडकताना आणि गर्भ उडताना दाखवला. शिष्य टेम्पोकडे सरकले होते. सरांच्या सांगण्यावरून शाळेच्या पोरांनी टेम्पोची किल्ली आधीच काढून घेतली होती.

"जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे," सर म्हणाले. "तक्रार मी देणार. आणि यांना मदत कुणी केली असं पोलिसांनी विचारलं, तर माझं नाव सांगणार."

हशा ओसरला. कोंडू उभा राहिला. त्याचा श्वास अजूनही वाजत होता.

"सर, महाराज परका माणूस. त्याला आमी वळखत नाय. तुमाला वळखतो. माझी दोन पोरं तुमच्या हाताखाली शिकली. तुमी बोललात म्हणून मी पंप टाकला. त्या दिवशी खळ्यावर पोरीच्या जागी मी असतो तर?"

महाराजांकडे आता कुणी बघतही नव्हतं. सगळे सरांकडे बघत होते. मागे, खांबापाशी, दीपेश उभा होता. अक्षदाची तब्येत विचारायला आला होता.

"तू बरोबर बोलतोस, कोंडू," सर म्हणाले. "मला फसवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या पोरीने तिथल्या तिथे सांगितलं होतं, हे फाळावरून उडतंय. मी तिला गप केलं. मला किड्यांची खात्री नव्हती. मला पंपाची लाज होती. पंप नको होता, म्हणून किडे हवे होते." पुढचं बोलायला त्यांना श्वास घ्यावा लागला. "नाकातला चौकीदार ढब बघून ओरडतो. त्याला दोष नाही, त्याला तेवढंच येतं. मीही ढबच बघितली. परात, भस्म, भरलेला मांडव, आणि माझी खुर्ची. पण मला त्याच्यापेक्षा जास्त येत होतं. मला विचारता येत होतं. तुम्हीही विचारा. किडे दिसले ना, मग ते कुठून पडले ते बघा. बरं वाटलं ना, मग धुराने वाटलं की गवतापासून लांब राहिल्याने, ते ताडून बघा. मी सांगितलं म्हणूनही मानू नका. आणि औषध घेणारं माणूस घरात असेल तर त्याला लपवू नका. एवढंच सांगायचं होतं. उद्या सकाळी शहापूरच्या दवाखान्यात जाऊ. ज्यांचे ज्यांचे पंप गेले त्यांच्याबरोबर मी रांगेत उभा राहीन."

धुराने अक्षदाला खोकला सुटला होता. तिने पर्समधून नवा पंप काढला. त्यावर जुनं निळं टोपण बसवलेलं होतं. सवयीने ती उठून मांडवाच्या मागे, पेंढ्याकडे निघाली.

"अक्षदा," सर म्हणाले. "इथंच."

ती थबकली. तिने आईकडे पाहिलं, मागच्या खांबाकडे पाहिलं, आणि मग वडिलांकडे. तिने टोपण काढलं, पंप हलवला, तोंडाला लावला. सरांच्या हातातला माइक चालूच होता. लाउडस्पीकरवरून साऱ्या मांडवाला एक छोटासा आवाज ऐकू गेला, फुस्स, आणि त्यामागून आत ओढलेला लांब श्वास.

गिरजाआजी कान देऊन थोडा वेळ वाट बघत राहिली, पुढे आणखी काही होईल म्हणून.

"एवढाच आवाज?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी पोरीला गोठ्यामागं धाडत होतास व्हय रे, जीवन?"

शाळेत नोकरीला लागल्यापासून गावात कुणी त्यांना नुसतं 'जीवन' म्हटलं नव्हतं. सरांनी माइक बंद केला. मग ते आजीशेजारी सतरंजीवर जाऊन बसले.